न्यूयॉर्कमध्ये करिअर अकॅडमीचं सरकारी हायस्कूल निवडताना: सातवीच्या मार्कांपासून बारा पसंतींपर्यंत

न्यूयॉर्क शहरात आठवीत शिकणाऱ्या मुलाला नववीसाठी सरकारी हायस्कूल हवं असेल तर अर्ज करावा लागतो. अर्जात जास्तीत जास्त १२ पर्याय भरता येतात. यातले बरेच पर्याय करिअरशी जोडलेले, म्हणजे करिअर अकॅडमीचे, असतात: विमान दुरुस्ती, आरोग्यसेवा, फायनान्स, फॅशन, पाककला, सागरी तंत्रज्ञान. इथले मराठी आईवडील या अर्जात दरवर्षी त्याच दोन चुका करतात. पहिली म्हणजे शाळेच्या नावातला ‘हेल्थ’ किंवा ‘इंजिनिअरिंग’ हा शब्द वाचून भाळायचं आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम बघायचाच नाही. दुसरी म्हणजे मुलाला काय हवंय ते बाजूला ठेवून ‘कुठे लागेल’ या अंदाजाने क्रम लावायचा. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण मार्चमध्ये निकाल लागल्यावर ती सुधारायला फारशी जागा उरत नाही.

अर्ज साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला खुले होतात, डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात आणि निकाल मार्चच्या सुरुवातीला लागतो. नक्की तारखा दरवर्षी शिक्षण विभागाच्या ‘मायस्कूल्स’ या संकेतस्थळावर पाहाव्यात.

टप्पा १: तयारी सातवीत सुरू करा

मार्क बघून प्रवेश देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सातवीच्या वर्षअखेरच्या श्रेणी धरल्या जातात. विषय चार: इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र. ‘आठवीत जोर लावू’ म्हणणाऱ्यांना ऑक्टोबरात कळतं की जे मोजायचं होतं ते जूनमध्येच मोजून झालंय. म्हणून सातवीचं शेवटचं प्रगतिपुस्तक हातात पडलं की त्याच आठवड्यात ते तपासा. एखादी श्रेणी चुकीची नोंदली गेली असेल तर तेव्हाच शाळेला सांगा.

‘मायस्कूल्स’वर खातं उघडायला मुलाच्या शाळेकडून एक कोड मिळतो. मूल खासगी शाळेत असेल किंवा तुम्ही नुकतेच भारतातून आला असाल, तर शिक्षण विभागाच्या फॅमिली वेलकम सेंटरला जावं लागतं. जाताना शहरातल्या पत्त्याचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट, लसीकरणाची नोंद आणि भारतातल्या शाळेच्या मूळ गुणपत्रिका न्या. मूल मराठी माध्यमातलं असेल तर गुणपत्रिकेचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. ऐन नोव्हेंबरात ही धावपळ नको.

*सावधान: व्हिसा.* सरकारी शाळेत प्रवेश देताना इमिग्रेशनची स्थिती विचारली जात नाही, तेव्हा त्या बाबतीत निश्चिंत राहा. अकॅडमीतल्या इंटर्नशिपची गोष्ट मात्र वेगळी आहे. एच-४ (एच-१बीवर आलेल्यांच्या कुटुंबाच्या) व्हिसावरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही. शहराच्या उन्हाळी युवा रोजगार योजनेलाही काम करण्याची कायदेशीर परवानगी लागते. ग्रीन कार्डचा अर्ज पुढे सरकून मुलाचं स्वतंत्र ईएडी, म्हणजे काम करण्याचं परवानापत्र, हातात आलं असेल तरच ही अडचण सुटते. त्यामुळे इंटर्नशिप हाच ज्या प्रोग्रॅमचा कणा आहे, तिथे थेट विचारा: ‘ज्या मुलांना पगारी काम करता येत नाही त्यांच्यासाठी वर्गातला किंवा शाळेतल्या शाळेत होणारा पर्याय आहे का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. ‘बिनपगारी म्हणजे चालेलच’ असं स्वतःचं स्वतः ठरवू नका, आधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाशी बोला.

टप्पा २: समोर कोणत्या प्रकारची अकॅडमी आहे ते ओळखा

पहिला प्रकार म्हणजे संपूर्ण शाळाच करिअर आणि तंत्रशिक्षणाची, म्हणजे इथल्या भाषेत ‘सीटीई’ शाळा. क्वीन्समधल्या लाँग आयलंड सिटीतलं एव्हिएशन हायस्कूल, मॅनहॅटनचं हायस्कूल ऑफ फॅशन इंडस्ट्रीज, जमैकातलं थॉमस एडिसन, ब्रुकलिनचं ट्रान्झिट टेक ही याची उदाहरणं. इथे मुलाच्या दिवसाचा मोठा भाग कार्यशाळेत जातो.

दुसऱ्या प्रकारात मोठ्या सर्वसाधारण हायस्कूलच्या पोटात एखादी अकॅडमी असते. इमारत एक, अकॅडमीची मुलं काही तास एकत्र, बाकी वेळ सगळ्यांबरोबर. ज्याची आवड अजून पक्की झालेली नाही अशा मुलासाठी मला हा प्रकार सर्वात सुरक्षित वाटतो. अकॅडमी नकोशी झाली तरी शाळा बदलावी लागत नाही.

तिसरा पी-टेकच्या धर्तीचा. पहिलं पी-टेक २०११ साली ब्रुकलिनमध्ये आयबीएम आणि न्यूयॉर्क सिटी कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी यांच्या सहभागाने सुरू झालं. नववी ते चौदावी असा सहा वर्षांचा आराखडा असतो आणि शेवटी हायस्कूल डिप्लोमाबरोबर असोसिएट पदवी मिळते, तीही फी न भरता.

एक गैरसमज इथेच दूर करू. ‘व्होकेशनल’ ऐकलं की आपल्याकडे मनात आयटीआय येतं आणि पाठोपाठ ‘म्हणजे कॉलेज बंद’ ही भीती. न्यूयॉर्कमध्ये सीटीई घेतलेल्या मुलालाही बाकीच्यांसारखाच राज्याचा डिप्लोमा मिळतो. राज्याने मान्यता दिलेला प्रोग्रॅम पूर्ण केला आणि तीन भागांची तांत्रिक परीक्षा, म्हणजे लेखी, प्रात्यक्षिक आणि प्रकल्प, पार केली तर त्या डिप्लोमावर सीटीईची जादा मोहोर उमटते. कॉलेजचा दरवाजा त्यामुळे बंद होत नाही. तो अरुंद होऊ शकतो तो वेळापत्रकामुळे, आणि त्यासाठीच पुढचा टप्पा आहे.

टप्पा ३: चार वर्षांचं वेळापत्रक मागा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. शाळेच्या माहितीपत्रकात सुंदर फोटो असतात: पांढऱ्या कोटातली मुलं, उघडं इंजिन, थ्री-डी प्रिंटर. ते बाजूला ठेवा आणि शाळेच्या कौन्सेलरला ईमेल करून नववी ते बारावीचा विषयक्रम मागा. तो सहज मिळाला तर शाळा व्यवस्थित चालते असं समजायला हरकत नाही. ‘दरवर्षी बदलतो’ असं उत्तर आलं तर मागच्या वर्षीचा मागा.

कागद हातात आला की आधी गणिताची ओळ वाचा. मूल आठवीतच अल्जेब्रा करत असेल तर बारावीपर्यंत त्याला एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलस मिळतं का? आरोग्य किंवा इंजिनिअरिंगच्या अकॅडमीत केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्ही बसतात, की अकॅडमीचा तास आणि फिजिक्सचा तास एकाच वेळी येतो? परदेशी भाषा किती वर्षं? पुढे इंजिनिअरिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलाला कॅल्क्युलस आणि फिजिक्स न देणारी ‘इंजिनिअरिंग अकॅडमी’ पाटीवर कितीही छान दिसली तरी त्याच्या कामाची नाही.

मग अकॅडमीच्या विषयांची ओळ. तिथे चढण दिसली पाहिजे: नववीत ओळख, दहावीत पाया, अकरावी-बारावीत खोल काम. चारही वर्षं ‘इंट्रोडक्शन टू’नेच सुरू होणारे विषय दिसले तर तो प्रोग्रॅम कागदावरच आहे.

त्यानंतर प्रमाणपत्र. प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘तुम्ही कोणती प्रमाणपत्रं देता?’ असं विचारलं की लांबलचक यादी मिळते. ‘मागच्या वर्षी बारावीच्या किती मुलांनी ते प्रत्यक्ष मिळवलं?’ असं विचारा. एव्हिएशन हायस्कूलची ताकद इथेच आहे. मुलं एफएए, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट मेकॅनिक प्रमाणपत्रांची तयारी करतात आणि दुसरं प्रमाणपत्र हवं असलेल्यांना ऐच्छिक पाचवं वर्ष घेता येतं. तिथला शाळेचा दिवस इतरांपेक्षा लांब असतो आणि मेकॅनिकचं प्रमाणपत्र मिळायला वय किमान १८ लागतं. हे सगळं आधी माहीत असलेलं कुटुंब तिथे आनंदाने चार-पाच वर्षं काढतं. ज्याला पायलट व्हायचंय आणि म्हणून ‘एव्हिएशन’ निवडलं, ते मूल दहावीत रिव्हेट मारताना वैतागतं.

आणखी तीन गोष्टी विचारून घ्या:

- प्रोग्रॅमला राज्याची मान्यता आहे, की अर्ज चालू आहे? मान्यता ठरावीक मुदतीची असते आणि पुन्हा घ्यावी लागते.
- सिटी युनिव्हर्सिटीच्या ‘कॉलेज नाऊ’सारख्या उपक्रमातून कॉलेजचे क्रेडिट मिळतात का, आणि ते अकॅडमीच्या वेळेवर आदळत नाहीत ना?
- दहावीत मुलाचं मन बदललं तर शाळेतल्या शाळेत दुसरीकडे जाता येतं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना मुलाला शेजारी बसवा. तेरा वर्षांच्या मुलाने चार वर्षांसाठी काही ठरवणं ही मोठी गोष्ट आहे. परतीची वाट आहे की नाही हे त्यालाही कळायला हवं.

*तपासा: टप्पा ४ कडे जाण्याआधी प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक कागद तयार आहे का? त्यावर विषयक्रम, प्रमाणपत्र, मान्यता आणि मुलाचं स्वतःच्या शब्दांतलं एक वाक्य, ‘मला हे का हवं’. ते वाक्य लिहिता येत नसेल तर तो पर्याय तुमचा आहे, मुलाचा नाही.*

टप्पा ४: ओपन हाऊस आणि प्रवास

ओपन हाऊसला प्रेक्षागृहातल्या भाषणापेक्षा कार्यशाळेत जास्त थांबा. यंत्रांवर धूळ आहे का ते बघा. तिथे उभ्या असलेल्या अकरावीच्या मुलाला विचारा, ‘या आठवड्यात तू इथे काय केलंस?’ त्याच्या उत्तरातून मुख्याध्यापकांच्या सादरीकरणापेक्षा जास्त कळतं.

प्रवास मात्र शनिवारी दुपारी मोजू नका. शाळेच्या दिवशी सकाळी, मुलाला घेऊन, घरच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत मोजा. हार्बर स्कूल गव्हर्नर्स आयलंडवर आहे. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकापर्यंत सबवे आणि पुढे फेरीबोट असा रोजचा प्रवास आहे. फेरी चुकली तर पुढच्या फेरीची वाट बघण्याला पर्याय नाही. ज्याला समुद्र आवडतो, डायव्हिंग किंवा नौकाचालन शिकायचंय, त्याला याचं काही वाटणार नाही. क्वीन्समधल्या फ्लशिंगच्या पलीकडून येणाऱ्या आणि केवळ ‘वेगळी शाळा’ म्हणून निवडणाऱ्या मुलाला जानेवारीत वाटेल. विद्यार्थ्यांच्या ओम्नी कार्डावर (बस-सबवेच्या पासावर) दिवसाला चार प्रवास मोफत असतात, तेव्हा प्रश्न पैशांचा नसून झोपेचा आहे.

टप्पा ५: प्रवेशाची पद्धत आणि लॉटरीचा क्रमांक समजून घ्या

अर्ज शाळेला नसतो, प्रोग्रॅमला असतो. एकाच शाळेत चार अकॅडमी असतील तर चार वेगळे कोड असतात आणि चारही निवडल्या तर बारापैकी चार जागा खर्च होतात. शाळेचा क्रमांक वाचायला शिका: एव्हिएशनचा २४क्यू६१० आहे. पहिले दोन अंक जिल्ह्याचे, मधलं अक्षर बरोचं, म्हणजे शहराच्या विभागाचं (एम मॅनहॅटन, एक्स ब्राँक्स, के ब्रुकलिन, क्यू क्वीन्स, आर स्टेटन आयलंड), शेवटचे तीन अंक शाळेचे. मिळत्याजुळत्या नावांच्या शाळा पुष्कळ आहेत. नावावर विसंबू नका, कोड जुळवा.

प्रत्येक प्रोग्रॅमपुढे प्रवेशाची पद्धत लिहिलेली असते. ‘ओपन’मध्ये मार्क बघत नाहीत, लॉटरी असते. ‘एड-ऑप्ट’मध्ये वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा सगळ्या शैक्षणिक गटांतली मुलं घेतात. बऱ्याच करिअर प्रोग्रॅमची हीच पद्धत आहे. ‘स्क्रीन्ड’मध्ये सातवीच्या श्रेणींवरून गट पडतात आणि गटाच्या आत लॉटरी लागते. काही ठिकाणी निबंध, चित्रांचा संच किंवा ऑडिशनही लागते. ते साहित्य अर्जाच्या मुदतीतच चढवावं लागतं, म्हणून चित्रकलेचं काम सप्टेंबरातच गोळा करा.

लॉटरीचा क्रमांक ‘मायस्कूल्स’वर दिसतो. अंक आणि अक्षरांची लांबलचक माळ बघून लोक गोंधळतात, पण पहिली दोन चिन्हं बघितली तरी पुरतं. ० ते ९ आणि मग ए ते एफ असा क्रम असतो. ‘००’ने सुरू होणारा सर्वात पुढे, ‘एफएफ’वाला सर्वात मागे. ‘४०’ने सुरू झाला तर साधारण पहिल्या चौथाईच्या टोकाला, ‘८०’ म्हणजे बरोब्बर मध्यावर, ‘सी०’ म्हणजे तीन चतुर्थांश मुलं तुमच्या पुढे. सगळ्या प्रोग्रॅमसाठी मुलाचा क्रमांक एकच असतो.

‘मायस्कूल्स’वर प्रोग्रॅमच्या पानावर प्राधान्यगटही, म्हणजे कोणत्या मुलांना आधी घेतात ते, बघा. एखादा प्रोग्रॅम क्वीन्समध्ये राहणाऱ्यांना आधी घेत असेल आणि मागच्या वर्षीच्या सगळ्या जागा त्याच गटात संपल्या असतील, तर जर्सी सिटीतून गेल्या महिन्यात ब्रुकलिनला आलेल्या कुटुंबासाठी तिथली आशा फार थोडी. प्रत्येक जागेमागे किती अर्ज आले तेही दिलेलं असतं. तो आकडा तुमच्या प्राधान्यगटासाठीचा वाचा, सरसकट नव्हे.

टप्पा ६: पसंतीक्रम खरा लावा

महाराष्ट्रात अकरावीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया पाहिलेले आईवडील इथे तीच सवय घेऊन येतात: मागच्या वर्षीचा कटऑफ बघा, जिथे लागेल ते वर टाका, पहिल्या पसंतीचं लागलं तर घ्यावंच लागतं म्हणून जपून टाका. न्यूयॉर्कच्या अर्जात ही हुशारी फक्त नुकसान करते.

इथली पद्धत अशी चालते. संगणक आधी मुलाची पहिली पसंती बघतो. तिथे प्राधान्य, गट आणि लॉटरी क्रमांकाने जागा मिळत असेल तर ती तात्पुरती दिली जाते. नसेल तर दुसरी पसंती. आता महत्त्वाचं: दुसऱ्या पसंतीच्या प्रोग्रॅममध्ये आधीच कुणाला तात्पुरती जागा मिळालेली असली आणि तुमच्या मुलाचा हक्क त्याच्यापेक्षा वरचा असला, तर ती जागा तुमच्या मुलाला मिळते. दुसऱ्या मुलाने तो प्रोग्रॅम पहिला लिहिला होता आणि तुमच्याने दुसरा, याला काहीही किंमत नाही. तुम्ही कितव्या क्रमांकावर लिहिलंय हे प्रोग्रॅमला दिसतही नाही. अशा जुळवणी पद्धतींवरच्या कामासाठी अल्विन रॉथ यांना २०१२ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. या शहराची हायस्कूल प्रवेशपद्धत बांधण्यात त्यांचा हात होता.

म्हणजे मुलाला हार्बर स्कूल सर्वात जास्त हवं असेल तर ते पहिलं लिहा, मिळण्याची शक्यता कमी असली तरी. ते न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट ‘नक्की लागेल’ म्हणून नावडती शाळा पहिली टाकली तर तीच लागेल, आणि खाली लिहिलेल्या आवडत्या शाळेचा विचारच होणार नाही.

शक्यतेचा विचार क्रमासाठी करू नका, यादीत कोण असावं यासाठी करा. बाराही जागा भरा. लॉटरी क्रमांक मागचा असेल तर यादीत असे काही प्रोग्रॅम हवेतच जिथे तुमच्या प्राधान्यगटातल्या बहुतेक मुलांना जागा मिळते. ते आवडीच्या क्रमात जिथे बसतील तिथे, बहुधा खालच्या भागात, लिहा.

*सावधान: जिथे मूल खरंच जाणार नाही असा एकही पर्याय फक्त जागा भरायला टाकू नका. निकालात तोच आला तर त्याहून खाली लिहिलेल्या शाळांचा प्रश्न तिथेच संपतो.*

एसएचएसएटी परीक्षेने प्रवेश देणारी आठ स्पेशलाइज्ड हायस्कूल या बारात मोजली जात नाहीत. त्यांची नोंदणी वेगळी असते आणि तिची मुदत आधी संपते. त्या परीक्षेच्या क्लासमध्ये शरद ऋतू पूर्ण बुडवून घेणारी घरं हा बारा पर्यायांचा अर्ज शेवटच्या रात्री भरतात. त्या आठांतलं स्टायव्हेसंट लागलं नाही तर मूल याच अर्जातल्या शाळेत चार वर्षं जाणार आहे. त्याला निदान तेवढाच वेळ द्या.

टप्पा ७: सबमिट आणि त्यानंतर

आधी अर्ज केला म्हणून आधी नंबर लागत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी घाई करायचं कारण नाही. शेवटच्या दिवसासाठीही ठेवू नका. पर्याय यादीत टाकणं आणि ‘सबमिट’ दाबणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दाबल्यावर स्थिती बदलली का ते पाहा आणि पानाचा फोटो जपून ठेवा. मुदत संपेपर्यंत क्रम बदलता येतो, पण बदलल्यावर पुन्हा सबमिट करावं लागतं. नेमकं हेच राहून जातं.

मार्चमध्ये मिळालेल्या प्रोग्रॅमच्या वर जे जे लिहिलं होतं, त्यांच्या प्रतीक्षायादीत मुलाचं नाव आपोआप जातं. इतर यादींत तुम्ही स्वतः नाव घालू शकता. मिळालेली जागा हातात राहते, म्हणून ती नाकारून वाट बघू नका. प्रतीक्षायादीतून बोलावणं आलं की उत्तराची मुदत थोडी असते. त्या काळात भारतात सुट्टीवर असाल तर ईमेल रोज उघडा.

नववीत गेल्यावर अकॅडमी अगदीच जमली नाही तर दहावीसाठी पुन्हा अर्ज करता येतो. जागा मोजक्या असतात, पण वाट आहे.

हडसनच्या पलीकडे राहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत यातलं बरंचसं लागू नाही. तिथे काउंटीची व्होकेशनल-टेक्निकल शाळामंडळं अकॅडमी चालवतात आणि सहसा त्या काउंटीत राहणाऱ्यांनाच प्रवेश मिळतो. हॅकेनसॅकच्या बर्गन काउंटी अकॅडमीजमध्ये एका छताखाली सात अकॅडमी आहेत. मॉनमथ काउंटीत पाच वेगवेगळ्या करिअर शाळा आहेत. मिडलसेक्समध्ये एडिसन आणि वुडब्रिज इथे मॅग्नेट, म्हणजे ठरावीक विषयांवर भर देणाऱ्या, शाळा आहेत. यांतल्या नामवंत शाळांत निवड प्रवेशपरीक्षा आणि मार्कांवर होते, लॉटरीवर नाही. प्रत्येक काउंटीचा अर्ज, मुदत आणि माहितीसभेचे नियम वेगळे, म्हणून मैत्रिणीच्या काउंटीचे नियम स्वतःला लावू नका. टप्पा ३ मात्र तिथेही जसाच्या तसा करा. उदाहरणार्थ, सँडी हूकच्या मरीन अकॅडमीत नौदलाचं कनिष्ठ अधिकारी प्रशिक्षण सगळ्यांना सक्तीचं आहे. सागरी विज्ञानासाठी तिथे जाणाऱ्या मुलाला गणवेश आणि कवायत चालणार आहे का, हे अर्ज भरण्याआधी त्याला विचारा.